पुठ्ठ्याचे बारा तुकडे

कोडं सुटलं का, एवढंच आपण विचारतो. कसं सुटलं, हे सहसा कुणी विचारत नाही. गणितात निदान पायऱ्या लिहाव्या लागतात आणि त्या पायऱ्यांना गुणही मिळतात. चित्रकोड्यात तेवढंही नाही. चार आकृत्यांतली वेगळी कोणती, दुमडून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, आरशातली प्रतिमा कुठली... उत्तर आलं की बोट पर्यायावर टेकतं आणि मधलं सगळं त्या माणसाच्या डोक्यातच राहून जातं. मला कुतूहल आहे ते या मधल्याचं. एकट्याने कोडी सोडवत बसलं की ते दिसत नाही. आपण ज्या वाटेने गेलो तीच एक वाट आहे असं वाटत राहतं. त्यासाठी शेजारी दुसरं कुणीतरी लागतं, आणि तेही आपल्यापेक्षा वेगळ्या कामात मुरलेलं.

माझी अशी एक मैत्रीण आहे, शाळेपासूनची. साताऱ्यात तिचं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, लहान मुलींचे घेरदार फ्रॉक. माझी नोकरी पतसंस्थेत हिशेब तपासण्यात गेली. तिची नात पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसायची ठरली तेव्हा बुद्धिमत्ता चाचणीचं पुस्तक दुकानातल्या टेबलावर येऊन पडलं. नात खेळायला पळाली की आम्ही दोघी ते पुढ्यात ओढायचो. आमच्या वेळी ही परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची, नातीच्या वेळी ती पाचवीला आणि आठवीला होती. आकृत्या मात्र ओळखीच्याच निघाल्या.

सुरुवात घडीच्या कागदापासून झाली. चौकोनी कागद आहे. त्याचा उजवा अर्धा भाग डाव्यावर दुमडला, मग वरचा अर्धा खाली आणला. आता जी छोटी चौकोनी घडी झाली तिच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून एक त्रिकोणी तुकडा कापला. कागद उलगडला तर काय दिसेल? मी असला प्रश्न मागून पुढे सोडवते. शेवटची घडी आधी उघडायची, कापलेल्या जागेचं प्रतिबिंब घडीच्या रेषेपलीकडे टाकायचं, मग त्याआधीची घडी उघडायची आणि आता जे काही आहे त्या सगळ्याचं पुन्हा प्रतिबिंब टाकायचं. दोन घड्या म्हणजे दोन पायऱ्या. वहीत खूण करत गेलं की उत्तर हमखास येतं. कागदाच्या मधोमध एक तिरपा चौकोन.

मी दुसऱ्या पायरीवर असतानाच तिने बोट ठेवलेलं असायचं. "अगं, हा बंद कोपरा आहे ना, म्हणजे ही कंबर झाली," ती म्हणाली. मला काही कळेना. मग तिने टेबलाखालचा अस्तराचा तुकडा घेतला आणि त्याची चौघडी करून दाखवली. घेरदार अंब्रेला घागरा कापताना कापड असंच चार पदरी दुमडतात. ज्या कोपऱ्यात दोन्ही घड्या येऊन मिळतात तो बंद कोपरा. तिथे कात्री लावली की कमरेचं भोक पडतं आणि ते कापडाच्या मध्यावर येतं. त्याच्या समोरच्या उघड्या कडा म्हणजे घेर. एका बाजूला घडी आणि दुसऱ्या बाजूला उघडी कड असेल तर तिथला काप दोन ठिकाणी निघतो. म्हणजे तिने कागद उलगडलाच नव्हता. तिने फक्त पाहिलं होतं की कात्री लागली ती जागा कापडाची कोणती. माझ्या पायऱ्या तिला कधी लागल्याच नाहीत, आणि चार घड्यांचं अवघड कोडं आलं तरी ती आधी तोच एक प्रश्न विचारते: बंद कोपरा कुठाय?

इथे मला एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. असलं उत्तर पाहणारा "तिला अनुभव आहे" एवढंच बोलून पुढे जातो, जणू अनुभव म्हणजे विचार नव्हे. पण बंद कोपरा शोधणं ही चांगली रीत आहे. ती माझ्या रीतीपेक्षा आखूड आहे आणि तिच्यात चूक व्हायला जागा कमी आहे. ती पुस्तकात नाही इतकंच.

पुढे मॅट्रिक्सची कोडी आली. नऊ घरं, आठ भरलेली, नववं रिकामं, खाली पर्याय. ही तऱ्हा जगभर माहीत झाली ती जॉन रेव्हन या इंग्रज मानसशास्त्रज्ञामुळे. त्यांची 'प्रोग्रेसिव्ह मॅट्रायसेस' ही चाचणी १९३८ साली छापली गेली. तिच्या मूळ रूपात बारा-बाराचे पाच गट, एकूण ६० प्रश्न असतात आणि एकाही प्रश्नात सोडवणाऱ्याला शब्द वाचावा लागत नाही. आमच्या पुस्तकातलं एक साधं उदाहरण सांगते. प्रत्येक घरात एक रेघ आणि काही ठिपके. ओळीत डावीकडून उजवीकडे गेलं की रेघ आधी उभी, मग तिरपी, मग आडवी. वरून खाली गेलं की ठिपका एक, दोन, तीन. मी मनात वाक्य करते, 'रेघ आडवी आणि ठिपके तीन', आणि ते वाक्य घेऊन पर्यायांकडे जाते. रेघ उभी असलेला पर्याय गेला, दोन ठिपक्यांचा गेला, असं करत शेवटी एक उरतो. वाक्य अर्धवट असलं तरी चालतं. काही पर्याय गळतात आणि उरलेल्यांकडे पाहून वाक्य पुरं करता येतं.

मैत्रीण काय करते? ती खालचे पर्याय मोजपट्टीने झाकते. खरोखर झाकते, तिची लाकडी मोजपट्टी त्यांच्यावर आडवी ठेवून. "ते बघितले की माझं चित्र मोडतं," ती म्हणते. मग ती रिकाम्या घराकडे पाहत राहते, कधी बोटाने टेबलावर रेघ ओढते, आणि मोजपट्टी उचलते ती उत्तर डोळ्यांसमोर तयार झाल्यावरच. पर्यायांत तसंच्या तसं असेल तर बोट ठेवते. नसेल तर पर्याय वगळत बसत नाही. पुन्हा पट्टी ठेवते आणि पहिल्यापासून बघते.

या दोन रीती मानसशास्त्रात नोंदलेल्या आहेत हे मला नंतर वाचनात आलं. १९८४ साली बेथेल-फॉक्स, लोमन आणि स्नो या तिघांनी आकृत्यांची कोडी सोडवणाऱ्यांच्या नजरा टिपल्या. नजर कोड्यावर किती वेळ राहते, पर्यायांकडे कधी वळते, परत वर किती वेळा येते. त्यातून दोन तऱ्हा निघाल्या: उत्तर आधी मनात बांधून मग ते शोधणारे, आणि पर्याय एकेक करून काढून टाकणारे. चाचणीत वरचढ ठरणारी माणसं जास्त करून पहिल्या तऱ्हेने जातात, आणि कोडं अवघड झालं की बरेच जण दुसऱ्या तऱ्हेकडे वळतात, असं त्यांना आढळलं. आपल्याकडच्या शिकवण्यांत मुलांना काय सांगतात? "पर्याय वगळा, वेळ वाचवा." परीक्षेच्या घड्याळापुढे ते बरोबरही असेल. पण दहा वर्षांच्या मुलाला आधी उत्तर बांधायला शिकवायचं की आधी गाळायला, याचा विचार त्या सल्ल्यामागे नसतो. माझी स्वतःची रीत गाळण्याची आहे आणि ती मला उपयोगी पडते. तरीही मी म्हणेन की मुलांना आधी पट्टी ठेवायला शिकवावं.

तिला चित्र दिसतं म्हणजे नेमकं काय दिसतं, हे मी तिला खोदून खोदून विचारलं आहे. डोळे मिटून तिला न शिवलेला ड्रेस गळ्यापासून घेरापर्यंत दिसतो, रंगासकट. मला असं काही दिसत नाही. मला ड्रेसबद्दल माहिती असते: बाह्या पाऊण, गळा गोल, रंग राणी. चित्र येत नाही. हा फरक माणसामाणसांत असतो हे फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८० मध्येच मांडलं होतं. आज सकाळी न्याहारीला बसलात ते टेबल आठवा आणि ते किती स्पष्ट, किती उजळ दिसतं ते सांगा, असं त्यांनी लोकांना विचारलं होतं. काहींना ते प्रत्यक्षासारखं लख्ख दिसत होतं. काही शास्त्रज्ञांनी तर मनात चित्र दिसणं म्हणजे काय हेच आपल्याला ठाऊक नाही असं कळवलं. ज्यांच्या डोळ्यांपुढे मुळीच चित्र येत नाही त्यांच्या या अवस्थेला २०१५ साली ब्रिटनमधले मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अफँटेझिया' असं नाव दिलं. मी त्या टोकाला आहे असं नाही. पण शाळेपासून जिच्यासोबत बसले तिच्या आणि माझ्या मिटल्या डोळ्यांआड इतकं वेगळं काही चालतं, हे कळायला आम्हाला शिष्यवृत्तीचं पुस्तक लागलं.

चित्र दिसणारी माणसंच चित्रकोडी चांगली सोडवतात, असा निष्कर्ष मात्र काढू नये. आरशातल्या प्रतिमेच्या प्रश्नांनी मला ते दाखवलं. दोन आकृत्या दिलेल्या असतात. दुसरी ही पहिलीच फिरवून ठेवलेली आहे की आरशातली आहे? या प्रश्नावरचा सगळ्यांत गाजलेला प्रयोग १९७१ चा, रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांचा. त्यांनी दहा-दहा ठोकळे जोडून केलेल्या वाकड्यातिकड्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या. आकृती जितक्या जास्त अंशांनी फिरवलेली, तितका उत्तराला लागणारा वेळ जास्त, आणि ही वाढ सरळ रेषेत. जणू पाहणारा मनातल्या मनात ती वस्तू ठरावीक वेगाने, सेकंदाला साधारण ६० अंश, फिरवत होता.

मैत्रिणीला हे प्रश्न दिले तेव्हा मला वाटलं होतं ती आकृती डोळ्यांपुढे फिरवेल. तिचे डोळे स्थिर होते. फिरत होतं ते मनगट. आकृती चिमटीत धरल्यासारखी बोटं करून ती हात हवेत वळवायची आणि म्हणायची, "नाही, ही डावी आहे." डावी म्हणजे डावी बाही. बाहीचा मुंढा पुढच्या बाजूला जास्त खोल कापतात आणि मागच्या बाजूला कमी, म्हणून डावी बाही उजव्या हाताला बसत नाही, कशीही फिरवा. शिकाऊ मुलीच्या हातून दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या गेल्या की कापड वाया जातं, म्हणून ही पारख तिच्या बोटांत पक्की बसलेली आहे. प्रत्येक आकृतीत ती मुंढा शोधते: जिथे खोलगट आहे ती जागा. मग तो मुंढा समोर घेऊन पाहायचं की पुढचा भाग कुठल्या हाताला जातो.

हाताच्या या हालचालीला मी पूर्वी सवय समजत होते. वेक्सलर, कॉसलिन आणि बर्तोझ यांचा १९९८ चा प्रयोग वाचल्यावर ती मला वेगळी दिसू लागली. मनात आकृती फिरवत असताना हातही त्याच दिशेने फिरत असेल तर काम सोपं होतं, उलट दिशेने फिरत असेल तर अडतं. हात आणि मन एकाच कामाला लागलेले असतात. परीक्षेच्या वर्गात हवेत हात वळवणाऱ्या मुलाला आपण काय म्हणतो ते आठवून पाहा.

पुस्तकातली कोडी संपली आणि आम्ही पेंटोमिनोकडे वळलो. हे कोडं माझ्या फार आवडीचं. पाच सारखे चौकोन कडेला कड लावून जितक्या प्रकारे जोडता येतील तितके आकार करायचे. उलटून किंवा फिरवून सारखा होणारा आकार एकच धरला तर असे बारा आकार होतात. सॉलोमन गोलोंब यांनी १९५३ साली, हार्वर्डमध्ये विद्यार्थी असताना, या आकारांवर तिथल्या गणित मंडळात व्याख्यान दिलं. पुढे मार्टिन गार्डनर यांच्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदराने ते घरोघर नेले. बारा आकारांचे मिळून साठ चौकोन होतात, आणि ते सगळे वापरून सहा बाय दहाचा आयत भरायचा.

तिने साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर एक-एक इंचाचे चौकोन आखले आणि बारा तुकडे कापले. अर्थात तिनेच. माझ्या हातून त्या कडा इतक्या सरळ निघाल्या नसत्या. पुठ्ठ्याची एक बाजू छापील, सोनेरी, एक बाजू करडी. आम्ही मांडायला बसलो आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की ती तुकडे फिरवते आहे, पण एकदाही उलटत नाही. सोनेरी बाजू नेहमी वर. मी एक तुकडा उलटून ठेवला तर ती चमकली. "असं चालतं? कापडाला सुलट-उलट असतं." चालतं, मी म्हटलं. "मग आधी सांगायचं ना!"

आणि तिचा आक्षेप मोलाचा होता. उलटायला बंदी केली तर बाराचे अठरा आकार होतात, कारण बारांतल्या सहांची आरशातली प्रतिमा त्यांच्यावर कधीच बसत नाही, त्या डाव्या-उजव्या बाह्या आहेत. उरलेले सहा दोन्ही बाजूंनी सारखे. अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली मॉस्कोत पेंटोमिनोवरूनच स्फूर्ती घेऊन टेट्रिस रचला, त्यात चार-चार चौकोनांचे सात आकार पडतात. उलटता आले असते तर ते पाचच भरले असते. पडद्यावरच्या तुकड्याला फिरवता येतं, पालथं घालता येत नाही, म्हणून सात. हे मला ठाऊक होतं, पण का याचा विचार मी तिच्या त्या प्रश्नापर्यंत केला नव्हता.

मांडणीची तिची रीत बेतण्याची आहे. कापड बेतताना पाठ आणि पुढा आधी ठेवतात, मग बाह्या, आणि उरलेल्या बेचक्यांत पट्ट्या, खिसे. पेंटोमिनोचे सगळे तुकडे क्षेत्रफळाने सारखेच, तरी तिने तुकड्यांकडे पाहून लगेच दोन ढीग केले. अधिकाच्या चिन्हासारखा तुकडा, जिन्यासारखा तुकडा, आणि आणखी तीन-चार. "हे हट्टी. यांना आधी जागा द्यायची." चार चौकोनांचा गठ्ठा आणि त्याला चिकटलेला एक असा जो जाडसर तुकडा आहे तो आणि काठीला खालून आडवं टोक असलेला तुकडा, हे तिने शेवटासाठी राखून ठेवले: "हे कुठंही मावतात." पेंटोमिनो खेळणारे जाणकार नेमकं हेच सांगतात. ते तिने तुकडे हातात फिरवून काही मिनिटांत ओळखलं.

माझी रीत हिशेबाची. प्रत्येक तुकडा ठेवला की मी रिकाम्या जागेकडे पाहते. एखादा कप्पा चारही बाजूंनी बंद झाला असेल तर त्यातले चौकोन मोजायचे. पाच, दहा, पंधरा असतील तर ठीक. चार किंवा सात असतील तर पुढे जाण्यात अर्थ नाही, तुकडे कसेही लावा, तो कप्पा भरणार नाही. तिला हे मोजणं लागत नसे असं नाही, पण तिला ते सुचत नव्हतं. ती त्या कप्प्यात एकामागून एक तुकडा लावून पाहत राहायची. मला तिच्यासारखा हट्टी तुकडा ओळखता येत नव्हता. आयत भरला तेव्हा तुकडे बहुतेक तिने ठेवलेले होते आणि बहुतेक मी उचलायला लावलेले होते. तिने तो मोडू दिला नाही. नात येऊन पाहीपर्यंत टेबलावर तसाच राहिला.

एक गोष्ट मला तिच्या हातांबद्दल सांगायची आहे. ती तुकडा उचलते, जागेपाशी नेते, दोनदा-तीनदा फिरवते, आणि बऱ्याचदा तिथे न बसवताच परत ठेवते. बघणाऱ्याला ते चाचपडणं वाटतं. डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ यांनी १९९४ मध्ये टेट्रिस खेळणाऱ्यांचा अभ्यास छापला. कसलेले खेळाडू पडणारा तुकडा गरजेपेक्षा जास्त वेळा फिरवतात. तो ठेवायचाच असं ठरलेलं नसतानाही फिरवतात, कारण तो मनात फिरवण्यापेक्षा पडद्यावर फिरवून पाहणं लवकर होतं. अशा हालचालींची त्यांनी वेगळी जात मानली: त्या वस्तू जागेवर नेण्यासाठी केलेल्या नसतात, जाणून घेण्यासाठी केलेल्या असतात. मैत्रिणीचं फिरवणं या जातीचं. तिचा विचार टेबलावर, सर्वांदेखत चाललेला असतो. माझा डोक्यात चालतो म्हणून तो मोठा ठरत नाही.

पण हातांनाही हद्द आहे, आणि ती दाखवणारं कोडं मी तिला मुद्दाम दिलं. चार चौकोनांचे पाच आकार: काठी, चौकोन, एल, झेड आणि टी. एकूण वीस चौकोन. त्यांनी चार बाय पाचचा आयत भर. ती चहा निवेपर्यंत झटली. दर वेळी शेवटी एखादाच चौकोन नको तिथे शिल्लक राहायचा. "होतंय, थोडक्यात राहतंय," ती म्हणत होती आणि हाताला खरंच तसं वाटतं, कारण प्रत्येक मांडणी जवळपास जुळलेली असते.

हा आयत भरता येतच नाही. आयताचे चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक रंगवले तर दहा काळे आणि दहा पांढरे होतात. काठी, चौकोन, एल आणि झेड हे चौघेही कुठेही ठेवले तरी दोन काळे आणि दोन पांढरे झाकतात. टी एकटा तीन एका रंगाचे आणि एक दुसऱ्या रंगाचा झाकतो. म्हणजे पाचांचे मिळून अकरा आणि नऊ. दहा-दहा कधीच होणार नाहीत. असाच युक्तिवाद मॅक्स ब्लॅक यांनी १९४६ साली मांडलेल्या पटाच्या कोड्यात आहे: बुद्धिबळाच्या पटाचे समोरासमोरचे दोन कोपरे काढले, तर उरलेली ६२ घरं दोन-दोन घरांच्या ३१ तुकड्यांनी भरता येतील का? कोपरे एकाच रंगाचे असल्याने येत नाहीत. हे मला अतिशय सुंदर वाटतं. हजार वेळा मांडून जे सिद्ध होणार नाही ते दोन रंगांनी एका ओळीत सिद्ध होतं.

मी हे तोंडाने सांगितलं तेव्हा तिने मान हलवली, पण तिला पटलेलं नव्हतं. मग तिने कापडावर खुणा करायचा खडू घेतला, पाचही तुकड्यांवर एकाआड एक चौकोन पांढरे केले, आणि आयत आखून त्यातलेही केले. टी हातात घेऊन तिने तो आयतावर सरकवत नेला, प्रत्येक ठिकाणी तीन-एक. थोडा वेळ गप्प राहिली. "चौकडीचं कापड असतं तर मला आधीच कळलं असतं," ती म्हणाली. चौकडीच्या कापडात शिवणीपाशी रेघा जुळल्या नाहीत तर ड्रेस वाकडा दिसतो. ते जुळवणं हे तिचं रोजचं काम आहे. माझा युक्तिवाद तिच्यापर्यंत पोचला तो चौकडीतून. आणि लगेच तिने जे विचारलं ते मला सुचलं नव्हतं: "मग दोन संच घेतले तर? एक टी असा, एक टी तसा, बाह्यांच्या जोडीसारखे?" बरोबर. दोन संचांचे चाळीस चौकोन होतात, एका टीची उणीव दुसरा भरून काढतो, आणि पाच बाय आठचा आयत खरोखर भरतो. मी अशक्य का ते सांगून थांबले होते. ती शक्य कसं होईल तिकडे गेली.

रशियन संगणकतज्ज्ञ मिखाइल बोन्गार्ड यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात शंभर चित्रकोडी दिली आहेत, त्यांतलीही काही आम्ही पाहिली. डावीकडे सहा चित्रं, उजवीकडे सहा. डावीकडच्या सगळ्यांत असं काय आहे जे उजवीकडच्यांत नाही? यंत्राला आकृती ओळखायला शिकवायचं तर त्याला काय काय यायला हवं, हे तपासायला त्यांनी ती रचली. एका कोड्यात मी कोन मोजले, बाजू मोजल्या, काळं किती पांढरं किती ते पाहिलं, आणि काही हाती लागेना. तिने पुस्तक थोडं लांब धरलं आणि म्हणाली, "या सगळ्या आकृत्या मधे चिंचोळ्या आहेत. इकडच्यांचा चिंचोळा भाग आडवा, तिकडच्यांचा उभा." तेच उत्तर. मोजण्यासारखं तिथे काही नव्हतंच. उलट ज्या कोड्यांत संख्या दडलेली असते तिथे तिला दोन्ही बाजू सारख्याच दिसत राहतात. कोणती रीत चांगली, हा प्रश्न म्हणूनच मला निरर्थक वाटतो. कोडं बदललं की उत्तर बदलतं.

नातीचं काय झालं, असं कुणी विचारेल. ती दोन्ही रीती उचलते आणि तिसरीही वापरते, ती आम्हाला दोघींनाही अजून कळलेली नाही. विचारलं की ती सांगायचा प्रयत्न करते, आणि अर्ध्यात थांबून चित्र काढून दाखवते. तिला ते विचारलं गेलं, याचंच मला समाधान आहे.

ज्यांच्या घरात अशा परीक्षेला बसणारं मूल आहे त्यांना माझं सांगणं आहे: सराव करताना त्याच्या हातात कागद आणि कात्री द्या. घडीचं कोडं असेल तर घडी घालू द्या, आकृती फिरवायची असेल तर ती कापून फिरवू द्या, मनगट हवेत वळवलं तर वळवू द्या. परीक्षेत कागद मिळत नाही म्हणून सरावातही द्यायचा नाही, हे मला पटत नाही. आणि उत्तर बरोबर आलं तरी थांबून विचारा, तू कसं पाहिलंस?

आणि ज्यांच्या घरात मूल नाही पण एखादी जुनी मैत्रीण आहे, त्यांनी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा टाकून देऊ नये. इंचाचे चौकोन आखून बारा तुकडे कापावेत आणि दोघींनी मिळून सहा बाय दहाचा आयत भरावा. त्याची २,३३९ उत्तरं आहेत. हॅझलग्रोव्ह दांपत्याने १९६० मध्ये ती संगणकावर मोजली. एक तरी सापडतंच. ते जमलं की तीन बाय वीसची लांब पट्टी भरायला घ्या. तिची उत्तरं फक्त दोन आहेत.